चंद्रबिंबावरून जाणारा कृत्रिम चंद्र

एखादा लहान गोल दुसऱ्या मोठ्या तेजस्वी बिंबापुढून सरकत जाताना दिसतो, तेव्हा ज्योतिःशास्त्रात त्या घटनेस 'अधिक्रमण' असे म्हणतात. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ या दोन दिवशी शुक्राने सूर्यबिंबाचे असे अधिक्रमण केले होते. त्यास सुमारे सहा तास लागले. पुढचे शुक्राचे अधिक्रमण २११७ साली आहे. ते पाहण्यास आजच्या वाचकांपैकी बहुधा कोणीच असणार नाही. परंतु अधिक्रमणाचा आणखी एक प्रकार आहे. तो शतकातून एकदा न घडता वर्षातून अनेकदा घडतो, आणि तरीही लक्षावधी माणसांपैकी एखाद्यानेच तो पाहिलेला असतो. मनुष्याने अवकाशात सोडलेला उपग्रह चंद्रबिंबापुढून जातो, तो हा प्रकार. हा प्रवास पुरता एक सेकंदही टिकत नाही. एवढ्या अवधीत त्याचे छायाचित्र टिपण्याचा छंद जगात पुष्कळ लोकांना जडला आहे, आणि आमच्या शाळेतील काही मुलामुलींनाही अलीकडे तो जडू पाहत आहे. म्हणून या अंकात त्याविषयी काही माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय गणिताचा आहे आणि आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत, हे येथे सांगून टाकलेले बरे. पण पुढे येणारे सर्व हिशेब त्रैराशिकाच्या पलीकडचे नाहीत. सातवीच्या विद्यार्थ्याने कागद-पेन्सिल घेऊन ते पडताळून पाहावेत, अशी आमची इच्छा आहे.

उपग्रह तर आज हजारो आहेत. मग त्यांपैकी कोणता निवडावा? याचे उत्तर आकारावर अवलंबून आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशात गेलेला पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक हा अवघा ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा होता. त्या काळी लोक त्याला 'कृत्रिम चंद्र' म्हणत. तो खऱ्या चंद्रापुढून गेला असता तरी कोणत्याही सामान्य दुर्बिणीतून दिसला नसता. आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची गोष्ट निराळी आहे. २० नोव्हेंबर १९९८ रोजी त्याचा पहिला भाग अवकाशात गेला, पुढे एकेक भाग जोडीत ते वाढविले गेले, आणि २ नोव्हेंबर २००० पासून तेथे मनुष्यवस्ती अखंड आहे. २०२५ च्या जून-जुलै महिन्यांत आपले शुभांशू शुक्ला तेथे सुमारे अठरा दिवस राहून आले. या स्थानकाची रुंदी, म्हणजे सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या तावदानांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे १०९ मीटर आहे. ते पृथ्वीपासून सुमारे ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर वेगाने फिरते आणि दीड तासाहून थोड्या अधिक वेळात एक प्रदक्षिणा पुरी करते.

आता चंद्राकडे वळू. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आणि व्यास ३,४७४ किलोमीटर. आकाशातील त्याच्या बिंबाचा व्यास सुमारे ३१ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक, असतो. स्थानक आपल्यापासून ४०० किलोमीटरवर डोक्यावर असले तर त्याची १०९ मीटर रुंदी चंद्राच्या पृष्ठावरील सुमारे १०५ किलोमीटर लांबीच्या वस्तूइतकी भासेल. चंद्राच्या दक्षिण भागात टायको नावाचे प्रसिद्ध विवर आहे, त्याचा व्यास सुमारे ८५ किलोमीटर. स्थानक त्याहून थोडे मोठे दिसेल. साध्या दुर्बिणीतून टायको स्पष्ट दिसतो. मग स्थानकही दिसलेच पाहिजे, हे उघड आहे. चंद्रबिंबाच्या व्यासाशी तुलना केली तर तो तेहतिसावा हिस्सा भरतो. चंद्र क्षितिजापासून ३० अंशांवर असला तर तिरकस अंतरामुळे स्थानक आपल्यापासून साडेसातशे किलोमीटरवर जाते आणि तो हिस्सा साठावा होतो. यावरून पहिला धडा मिळतो तो असा, की चंद्र जितका डोक्यावर तितके चित्र मोठे.

या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. फ्रान्स-जर्मनीकडील छांदिष्टांच्या डोक्यावर चंद्र कधीच येत नाही. गोवा, बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर या आपल्या गावी मात्र तो वर्षातून कित्येक वेळा माथ्याच्या अगदी जवळ येतो. त्यातही मार्गशीर्ष आणि पौषातील पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री फार उंच असतो, आणि आकाश निरभ्र असण्याचे ते दिवसही तेच. ज्येष्ठ-आषाढातील पौर्णिमा दक्षिणेकडे कललेली, शिवाय आमच्या कोकणपट्टीत तेव्हा चंद्राचे दर्शन होण्यासाठी आधी पावसाची परवानगी लागते!

स्थानक चंद्रबिंब ओलांडण्यास किती वेळ घेते? ४०० किलोमीटर अंतरावर अर्ध्या अंशाच्या बिंबाची रुंदी सुमारे ३.६ किलोमीटर भरते. वेग सेकंदाला ७.६ किलोमीटर. भागाकार केला की अर्ध्या सेकंदाहूनही थोडे कमी उत्तर येते, आणि तेही ते बिंबाच्या मध्यातून गेले तर. कडेने गेले तर आणखी कमी. डोळ्याची पापणी लवण्यास जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच हा अवकाश आहे. ज्याने त्याच क्षणी पापणी मिटली, त्याचे अधिक्रमण हुकले!

परंतु काळापेक्षाही स्थळाची अडचण मोठी आहे. पुष्कळांना असे वाटते, की स्थानक चंद्रापुढून जाणार असेल तर ते साऱ्या गावाला दिसेल. तसे नसते. हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरावा आणि एकदा उजवा व एकदा डावा डोळा मिटून दूरच्या झाडाकडे पाहावे. अंगठा झाडाच्या या बाजूने त्या बाजूस उडी मारतो. यास पराशय म्हणतात. येथे अंगठा म्हणजे स्थानक आणि झाड म्हणजे चंद्र. आपण एक किलोमीटर बाजूला सरलो तर ४०० किलोमीटरवरील स्थानक आपल्या दृष्टीने साडेआठ कलांनी सरकते, आणि चंद्र मात्र जेमतेम अर्धी विकला हलतो. साडेआठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाचा पावाहून अधिक भाग. साडेतीन किलोमीटर चाललो की स्थानक बिंबाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेबाहेर गेलेच म्हणून समजावे. म्हणून चंद्र माथ्यावर असताना अधिक्रमण दिसण्याचा पट्टा जमिनीवर जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर रुंदीचा असतो. चंद्र खाली असेल तेव्हा तो काहीसा रुंदावतो. एका वाडीत अधिक्रमण दिसते आणि पलीकडच्या वाडीत स्थानक चंद्राच्या बाजूने निघून जाते. तेव्हा या छंदात मनुष्याने पट्ट्याकडे जावे लागते; पट्टा आपल्या अंगणात येण्याची वाट पाहू लागलो तर वर्षे जातील.

हा पट्टा कोठे पडेल हे आधी कसे कळते? चंद्राची गती प्राचीन काळापासून मनुष्याच्या अभ्यासाचा विषय आहे, आणि आपल्या लोकांचाही त्यात वाटा आहे. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे पेशाने शिक्षक. परंतु ग्रहगणितात त्यांनी जे काम केले त्यामुळे पंचांगशोधनाच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे राहिले आहे. महाराष्ट्राबाहेर राहून शाळा सांभाळीत चंद्रसूर्यांची गणिते करणारा हा मनुष्य आम्हा शिक्षकांस विशेष जवळचा वाटतो. केतकरांच्या काळी आठवडे खाणारे हिशेब आज संगणक क्षणात करतो. चंद्राचे स्थान तर वर्षानुवर्षे आधी अचूक सांगता येते. स्थानकाचे तसे नाही. ४०० किलोमीटर उंचीवरही वातावरणाचा अत्यंत विरळ अंश आहे; त्याच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येत असते. सूर्य क्षुब्ध झाला, की वरचे वातावरण फुगते आणि घर्षण वाढते. मधूनमधून अग्निबाणाच्या साह्याने स्थानकास पुन्हा वर ढकलावे लागते, आणि तसे केले की जुने सर्व हिशेब निकालात निघतात. म्हणून कक्षेचे आकडे नेहमी ताजे घ्यावे लागतात. ते प्रसिद्ध होत असतात, आणि त्यांवरून आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश देऊन पट्टा काढणाऱ्या आज्ञावलीही उपलब्ध आहेत.

आकडे शिळे असल्याने काय बिघडते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, स्थानक अंदाजापेक्षा दहा सेकंद उशिरा आले. दहा सेकंदांत पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आमच्या गोव्याच्या अक्षांशावरील जमीन सुमारे साडेचार किलोमीटर पूर्वेकडे सरकलेली असते. म्हणजे वेळ चुकली एवढेच होत नाही, पट्टाच बाजूला पडतो. आठवडाभर आधी काढलेल्या नकाशावर विसंबून तिपाई रोवणाऱ्यास कोरा चंद्र घेऊन परतावे लागते. आदल्या दिवशी एकदा आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा हिशेब करावा, हा या छंदातील पहिला नियम होय.

आता प्रकाशाचा विचार. हा भाग आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटतो. स्थानक चंद्रापुढून जाताना काळे दिसते की पांढरे? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि कोणते केव्हा बरोबर हे तिथीवरून सांगता येते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेस असतो. त्याच दिशेत स्थानक आले म्हणजे तेही सूर्याच्या विरुद्ध बाजूस, अर्थात पृथ्वीच्या छायेत शिरलेले असते. त्यावर उजेड नाही. म्हणून ते चंद्राच्या उजळ पटावर शाईच्या ठिपक्यासारखे काळे उमटते. येण्यापूर्वी ते आकाशात दिसत नाही आणि गेल्यावरही दिसत नाही. चंद्राच्या कडेवर ते उत्पन्न होते आणि दुसऱ्या कडेवर नाहीसे होते. अष्टमीच्या सुमारास मात्र संध्याकाळी चंद्र दक्षिणेस उंच असताना सूर्य नुकताच मावळलेला असतो. जमिनीवर अंधार पडू लागला तरी चारशे किलोमीटर उंचीवर अजून ऊनच असते. अशा वेळी स्थानक शुक्राच्या तोडीचे तेजस्वी होऊन येते, चंद्राच्या काळ्या अर्ध्यावर लखलखते आणि उजळ अर्ध्यावर आले की त्या उजेडात पुष्कळसे मिसळून जाते. दिवसाउजेडी, निळ्या आकाशातील फिकट चंद्रावरही हे अधिक्रमण टिपता येते. त्या चित्राची शोभा आणखी वेगळी.

आमच्या घरच्या कोंकणीत चंद्राला 'चंद्रीम' म्हणतात. लहानपणी आम्हांला जेवू घालताना वडीलधारी माणसे त्या चंद्रीमाकडे बोट दाखवीत. आता त्याच्यापुढून माणसे राहत असलेले घर जाते, हे त्या पिढीस सांगितले असते तर तिने काय म्हटले असते, असा विचार कधी कधी मनात येतो. असो.

साधनांकडे वळू. कॅमेऱ्याच्या लेन्सचे नाभीय अंतर ११० ने भागले, की चंद्राची प्रतिमा किती मिलिमीटरची पडेल ते कळते. नेहमीच्या ५० मिलिमीटर लेन्सने चंद्र अर्ध्या मिलिमीटरचाही होत नाही. २०० मिलिमीटरने तो सुमारे १.८ मिलिमीटर, आणि १,००० मिलिमीटरने ९ मिलिमीटर होतो. यापैकी स्थानकाच्या वाट्यास तेहतिसावा हिस्सा. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पटलावरचा एकेक कण सुमारे हजारांश मिलिमीटरच्या चौपट रुंद आहे असे धरले, तर १,००० मिलिमीटरच्या लेन्सने स्थानकाची रुंदी सुमारे ६८ कणांवर पसरते. तेवढ्यात त्याची तावदाने आणि मधली दांडी वेगळी ओळखता येते. २०० मिलिमीटरने ती १३-१४ कणांवर येते. ठिपका लांबट आहे इतकेच कळते. ज्यांच्याजवळ मोठी लेन्स नाही त्यांनी ६ किंवा ८ सेंटिमीटर भिंगाची छोटी दुर्बीण आणि तिला कॅमेरा जोडण्याचे कडे मिळविले तरी काम भागते.

शटरचा वेग हा सर्वांत महत्त्वाचा. एका सेकंदाच्या शंभराव्या भागात स्थानक ७६ मीटर पुढे जाते, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतके. चित्रात त्याचा निव्वळ ओरखडा उमटेल. हजाराव्या भागात ते साडेसात मीटर जाते, आणि सोळाशेव्या भागात पाच मीटरहूनही कमी. यास्तव शटर १/१००० पेक्षा मंद ठेवू नये. पूर्ण चंद्रासाठी छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा, की लेन्सचे छिद्र एफ ११ ठेवावे आणि पटलाची संवेदनक्षमता १०० असेल तर शटर १/१०० ठेवावे. आपणांस शटर १/१६०० हवे, तर संवेदनक्षमताही १६०० करावी, हिशेब जुळतो. अष्टमीच्या चंद्रासाठी मात्र तो जुळणार नाही. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा प्रकाश देत असेल असे सहज वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे दहावा हिस्सा देतो, कारण त्याच्या पृष्ठावरील खाचखळगे तिरप्या उन्हात आपल्याच सावल्यांनी झाकले जातात. म्हणून त्या तिथीस छिद्र मोठे करावे किंवा संवेदनक्षमता वाढवावी.

दृष्टी स्पष्ट करण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवू नये. चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवरील एखादे विवर पाहून ते हातानेच करावे, आणि मग त्या कड्यास स्पर्शही करू नये. आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. पृथ्वीच्या भ्रमणामुळे चंद्र दर दोन मिनिटांत आपल्या बिंबाइतका पश्चिमेकडे सरकतो. तिपाईवरील दुर्बिणीतून तो बघता बघता चौकटीबाहेर जातो. तेव्हा दीड मिनिट आधी त्याला चौकटीच्या पूर्वेकडील कडेशी ठेवावे. ठरल्या क्षणी तो आपोआप मध्यावर येतो. घड्याळ आकाशवाणीच्या ठोक्यांशी अथवा मोबाइलच्या वेळेशी मिळविलेले असावे. एकच चित्र नेमके त्या क्षणी टिपण्याची ईर्ष्या धरू नये. क्षणाच्या पाच सेकंद आधी सुरू करून पाच सेकंद नंतरपर्यंत चलच्चित्र घ्यावे. सेकंदास साठ चित्रे घेणारा कॅमेरा अर्ध्या सेकंदात स्थानकाची तीस चित्रे देतो. यात थोडा मोठेपणा कमी होतो खरा, पण हाती काहीतरी लागते.

हे सर्व कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात काय घडते हे सांगण्यासाठी आमच्या शाळेचा एक अनुभव देतो. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आदल्या रात्री पडणाऱ्या पट्ट्याची मध्यरेषा आमच्या गावापासून सुमारे बारा किलोमीटरवरील एका मोकळ्या सड्यावरून जात होती. नववी-दहावीची अकरा मुलेमुली तयार झाली. पालकांची संमती घेणे हेच पहिले दिव्य होते. एका विद्यार्थिनीचे वडील, दिवसभर बागायतीत राबून आलेले, आम्हांस भेटावयास आले आणि म्हणाले, "सर, परीक्षा दोन महिन्यांवर आली. अर्ध्या सेकंदाच्या गोष्टीसाठी पोरीची अख्खी रात्र घालवायची, याचा उपयोग काय, ते मला समजेल असं सांगा." प्रश्न रागाचा नव्हता, त्यांना खरोखर जाणून घ्यावयाचे होते. आम्ही त्यांच्यासमोर मुलीलाच तिचा हिशेब मांडावयास सांगितले. तिने अंगणातील मातीत काटकीने वर्तुळ काढले, स्थानकाची रेघ ओढली, सड्यावरून ते दिसेल आणि घराच्या अंगणातून का दिसणार नाही हे वडिलांना त्यांच्याच दोन माडांकडे बोट दाखवून पटवून दिले. ते बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिले. मग, "मीही येतो, टॉर्च घेऊन," एवढेच म्हणाले.

सड्यावर कामे वाटून दिली होती. एकाने मोठ्याने सेकंद मोजावयाचे, दोघांनी दुर्बीण सांभाळावयाची, एकीने वही लिहावयाची, बाकीच्यांनी साध्या द्विनेत्रीतून पाहावयाचे आणि जे दिसेल ते एकमेकांशी न बोलता लिहून ठेवावयाचे. आठच्या सुमारास समुद्राकडून ढगांची एक पट्टी आली आणि चंद्र दहा मिनिटे दिसेनासा झाला. कोणी काही बोलले नाही. ठरलेल्या क्षणाच्या चार मिनिटे आधी ती पट्टी विरळ होऊन निघून गेली. मोजणाऱ्याचा आवाज शून्यावर आला, आणि द्विनेत्रीतून पाहणाऱ्या सातांपैकी चौघांनी 'काळा ठिपका, वरून खाली' असे लिहिले. तिघांनी 'काही दिसले नाही' असे लिहिले. चलच्चित्रातील सव्वीस चित्रांत तो ठिपका उमटला होता. मोठा करून पाहिल्यावर इंग्रजी 'एच' अक्षरासारखा त्याचा आकार स्पष्ट झाला. सव्वीस चित्रे म्हणजे ०.४३ सेकंद. यावरून स्थानक बिंबाच्या मध्यातून न जाता एका बाजूने गेले, हेही मुलांनी स्वतःच काढले. 'काही दिसले नाही' असे लिहिणाऱ्या तिघांच्या नोंदी वहीत आम्ही तशाच ठेवल्या आहेत. त्या बाकीच्यांइतक्याच मोलाच्या आहेत.

याच छंदातून एक सुंदर प्रयोग करता येतो. तो अद्याप आमच्याने झालेला नाही. दुसऱ्या एखाद्या शाळेने साथ दिली तर येत्या हिवाळ्यात करण्याचा मनोदय आहे. स्थानकाची उंची पुस्तकात छापलेली असते. ती आपण स्वतः मोजावयाची. पट्ट्याच्या आडव्या दिशेने एकमेकांपासून दोन किलोमीटरवर दोन कॅमेरे लावावेत. चंद्र माथ्याजवळ असावा. दोन्ही ठिकाणांहून स्थानकाची वाट चंद्रबिंबावर उमटेल, पण पराशयामुळे त्या दोन वाटा वेगळ्या, जवळजवळ समांतर असतील. दोन्ही चित्रे अशी छापावीत, की चंद्राचा व्यास ९३ मिलिमीटर येईल. बिंब ३१ कलांचे, म्हणजे ३ मिलिमीटरला एक कला. चित्रे विवरांच्या खुणांवरून एकावर एक जुळवून दोन वाटांमधील अंतर मोजावे. समजा ते ४८ मिलिमीटर आले, तर पराशय १६ कला झाला. वर्तुळात २१,६०० कला. त्यास पायच्या दुपटीने भागले की ३,४३८ येतात. दोन किलोमीटरला ३,४३८ ने गुणून १६ ने भागावे. उत्तर ४३० किलोमीटर येते. हेच ते स्थानकाचे त्या क्षणीचे अंतर. एवढ्या साधनांवर, पट्टीने आणि गुणाकाराने, आकाशातील वस्तूचे अंतर काढता येते. पृथ्वीवरून चंद्राचे अंतर मोजण्याची जुनी रीतही मुळात हीच आहे. फक्त तेथे दोन किलोमीटरऐवजी हजारो किलोमीटरचा पाया घ्यावा लागतो.

हौशी लोकांनी उपग्रहांचे वेध घेण्याची परंपरा स्पुटनिकइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील स्मिथसोनियन वेधशाळेने 'मूनवॉच' नावाची योजना आखून लहान दुर्बिणी घेतलेल्या स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या केल्या होत्या, आणि उपग्रहांची छायाचित्रे घेण्यासाठी जगात बारा ठिकाणी बेकर-नन नावाचे मोठे कॅमेरे बसविले होते. त्यांपैकी एक आपल्याकडे नैनितालला होता. आजच्या काळात फ्रान्सचे थिएरी लगो यांचे नाव या छंदात सर्वप्रथम घेतले जाते. १७ सप्टेंबर २००६ रोजी त्यांनी नॉर्मंडीतून, अटलांटिस हे अवकाशयान स्थानकापासून नुकतेच सुटले असताना, ती दोन्ही सूर्यबिंबावर एकत्र टिपली. ४ जानेवारी २०११ रोजी खंडग्रास सूर्यग्रहण होते. त्या दिवशी ते मुद्दाम ओमानला गेले आणि सूर्य, त्यास झाकणारा चंद्र व सूर्यापुढून जाणारे स्थानक अशी तिन्ही एकाच चित्रात आणली. त्या अधिक्रमणास एका सेकंदाहून कमी वेळ लागला. त्यासाठी त्यांनी केलेला प्रवास हजारो किलोमीटरचा.

लगो यांची चित्रे पाहून कोणा विद्यार्थ्यास सूर्यावर प्रयोग करण्याचा मोह होईल, म्हणून येथे खडसावून सांगतो. चंद्राकडे दुर्बिणीतून हवे तेवढे पाहावे. सूर्याकडे मात्र दुर्बिणीच्या तोंडावर खास सूर्यगाळणी बसविल्यावाचून क्षणभरही पाहू नये. कायमचे अंधत्व येते आणि ते येताना वेदनाही होत नाहीत. काजळी धरलेली काच, जुनी क्ष-किरण पट्टी, काळा चष्मा यांपैकी काहीही चालत नाही. शिक्षक जवळ नसतील तर तो बेत करूच नये.

छायाचित्राच्या सचोटीविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. अधिक्रमणाच्या ज्या चित्रांत स्थानक माळेतील मण्यांसारखे दहा-वीस वेळा दिसते, ती अनेक चित्रे एकत्र जुळवून केलेली असतात. त्यात गैर काही नाही. मात्र तसे खाली लिहिले पाहिजे. चंद्र एका रात्रीचा आणि स्थानक दुसऱ्या रात्रीचे असे जोडून जे चित्र होते, ते शोभिवंत असेल, पण वेध नव्हे. ओळखण्याची एक युक्ती आहे. स्थानक चंद्राच्या बिंबाच्या दहाव्या भागाएवढे दाखविले असेल, तर ते आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरहूनही जवळ असले पाहिजे. आणि तेवढ्या खाली ते फिरूच शकत नाही. पौर्णिमेच्या माथ्यावरील चंद्रापुढे झगमगते पांढरे स्थानक दिसले, तरीही चित्रकाराकडे बारकाईने चौकशी करावी. आमच्या मुलांनी आता जुन्या मासिकांतील चित्रे या कसोटीवर लावून पाहण्याचा सपाटा चालविला आहे आणि त्यांत दोन-चार मान्यवरांची पंचाईत झालेली आहे.

ज्यांचा हात बसला आहे त्यांनी अन्य उपग्रहही अजमावावेत. चीनचे तिआनगोंग स्थानक सुमारे ३९० किलोमीटर उंचीवर आहे. त्याचा मुख्य भाग २९ एप्रिल २०२१ रोजी गेला आणि दोन प्रयोगशाळा २०२२ मध्ये जोडल्या गेल्या. ते आंतरराष्ट्रीय स्थानकाहून पुष्कळ लहान असल्यामुळे त्यासाठी मोठी दुर्बीण लागते. १९९० साली सोडलेली हबल दुर्बीण १३ मीटर लांब असून आपल्या भागावरून वारंवार जाते. युरोपातल्या पुष्कळशा लोकांना ती इतकी सोयीने मिळत नाही. ती चंद्रावर अतिशय बारीक टिंबासारखी दिसते.

आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या बाबतीत मात्र घाई केलेली बरी. त्याचे सांगाडे जुने होत आले आहेत. २०३० च्या सुमारास त्याचे काम थांबवून, एका खास यानाच्या साह्याने ते प्रशांत महासागराच्या निर्जन भागात उतरविण्याची योजना आहे, आणि ते यान बांधण्याचे काम २०२४ साली सोपविण्यात आले आहे. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब कोसळले तेव्हा ते आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून आमच्याकडील वाड्यावाड्यांतून लोक भयभीत झाले होते. घरातील वडील मंडळींस ते दिवस अजून आठवत असतील, त्यांना अवश्य विचारावे. या खेपेस तसे भय बाळगण्याचे कारण नाही. आज आठवीत असलेले विद्यार्थी महाविद्यालयातून बाहेर पडतील तोवर १०९ मीटरचा हा कृत्रिम चंद्र बहुधा आकाशात नसेल. येत्या मार्गशीर्ष आणि पौषातील पट्ट्यांचे हिशेब करण्यास आमच्या विज्ञान मंडळात दर शनिवारी दुपारी बसतात. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी पट्टी, कोनमापक आणि आपल्या घराचे अक्षांश-रेखांश लिहून आणावेत. अक्षांशाची एक विकला म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, तेव्हा विकलांपर्यंत लिहावे.